आयनद्रायुमापनाची एषणी : कारखान्यात आणि अवकाशात

पुण्याहून मुंबईकडे व नाशिककडे जाणाऱ्या दोन हमरस्त्यांच्या कडेने पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि इंद्रायणीपलीकडील चाकण असा जो औद्योगिक पट्टा पसरलेला आहे, तो मोटारी व त्यांचे सुटे भाग यांसाठी सर्वत्र ओळखला जातो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि त्यानंतरच्या काळात या पट्ट्यास आजचे स्वरूप प्राप्त झाले. येथील लेथ, दाबयंत्रे व भट्ट्या कोणाच्याही ध्यानात येतात. परंतु वाहन-उद्योगाच्या पसाऱ्यात निर्वात पात्रांच्या काचेआड जांभळट प्रकाशाने उजळलेला जो विरल वायू काम करीत असतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. हा वायू म्हणजे आयनद्रायू, अर्थात प्लाझ्मा.

पोलादी दंतचक्रे, क्रँकशाफ्ट व साचे यांचा पृष्ठभाग नायट्रोजनाच्या आयनद्रायूत कठीण करणे, कर्तनहत्यारांवर टायटॅनियम नायट्राइडाचा सोनेरी थर चढविणे आणि मोटारीच्या पुढील दिव्यांच्या परावर्तकांवर ॲल्युमिनियमाचा व त्यावर सिलिकॉनयुक्त संरक्षक पटलाचा लेप देणे, या तिन्ही वाहन-उद्योगाच्या रुळलेल्या पद्धती आहेत. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने १९९७ साली उद्योगांसाठी स्वतंत्र केंद्र काढले, त्यामागेही अशा पद्धती प्रयोगशाळेतून कारखान्यात नेण्याचाच हेतू होता.

अशा पात्रापाशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञापुढे चार मापके असतात : वायूचा दाब, विसर्जनाचा विद्युत् दाब, त्यातील प्रवाह आणि वस्तूचे तापमान. या चारही राशी आयनद्रायूच्या भोवतालच्या आहेत. प्रत्यक्ष आयनद्रायूची अशी त्यांतील एकही नाही. दर घन सेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती आहेत, त्यांची ऊर्जा किती आहे आणि आयन कोणत्या विभवांतरातून वस्तूवर आदळत आहेत, हे त्यांवरून कळत नाही. त्यामुळे एका पात्रात उत्तम उतरलेली पद्धती, मापकांचे आकडे तेच ठेवूनही, निराळ्या आकाराच्या दुसऱ्या पात्रात निराळे फळ देऊ शकते. दंतचक्रे एकमेकांच्या फार जवळ टांगली गेली, तर त्यांच्यामधील फटीत विसर्जन तीव्र होऊन तेवढाच भाग प्रमाणाबाहेर तापतो. प्रवाहमापकावर मात्र एकूण प्रवाहच दिसतो. वस्तू बाद झाल्यावर कारण शोधण्यापेक्षा आयनद्रायूच मोजावा, ही अपेक्षा यातूनच निर्माण होते.

ती पुरी करणारे सर्वांत जुने आणि आजही सर्वांत प्रचलित साधन म्हणजे विद्युत् एषणी, प्रयोगशाळेच्या बोलीत प्रोब. हेच साधन अग्निबाणांतून आयनांबरात गेले आणि २०२३ साली चंद्रावरही उतरले. रचनेने ते इतके साधे आहे की कोणाही विद्यार्थ्याला ते एका दिवसात तयार करता यावे. तथापि त्याने दिलेल्या आलेखाचा अर्थ लावणे हे भौतिकीतील एक अवघड काम समजले जाते. त्याची कारणे कारखान्यात व अवकाशात पुष्कळ अंशी एकच आहेत.

लँगम्यूरची तार

विसर्जन-नलिकेत धातूची तार खुपसून तेथील विभव मोजण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होत होता. तारेचा बाह्य मंडलाशी संबंध तोडून ती तरती ठेवली म्हणजे ती भोवतालच्या वायूचाच विभव धारण करील, अशी त्या काळच्या प्रयोगकर्त्यांची समजूत होती. ती चुकीची होती. इलेक्ट्रॉन हे आयनांच्या मानाने हजारो पट हलके आणि म्हणून फार वेगवान असल्यामुळे तरत्या तारेवर प्रथम त्यांचाच वर्षाव होतो. तार ऋण भारित होते, आणि पुढील बहुतेक इलेक्ट्रॉन परतवून लावण्याइतकी ती ऋण झाल्यावरच दोन्ही प्रवाह समतोल होतात. म्हणजे तारेचा तरता विभव हा आयनद्रायूच्या विभवापेक्षा बराच खाली असतो.

अमेरिकेतील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ही चूक दाखवून दिली. हॅरल्ड मॉट-स्मिथ यांच्यासह त्यांनी १९२६ साली एषणीचा सविस्तर सिद्धांत प्रसिद्ध केला. प्लाझ्मा हे नावही लँगम्यूर यांनीच १९२८ साली रूढ केले. त्यांची युक्ती अशी की तार तरती न ठेवता तिला बाहेरून विभव द्यावा, तो ऋणापासून धनापर्यंत क्रमाने बदलत न्यावा आणि प्रत्येक विभवाला किती प्रवाह मिळतो त्याचा आलेख काढावा.

या आलेखाचे तीन भाग पडतात. एषणी अतिशय ऋण असता सर्व इलेक्ट्रॉन परततात व केवळ आयन पोहोचतात. हा आयनांचा संपृक्त प्रवाह होय. विभव वाढवीत नेला की प्रथम अधिक ऊर्जेचे व नंतर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन पोहोचू लागतात. त्यांच्या वेगांची वाटणी मॅक्सवेल यांच्या नियमाप्रमाणे असेल, तर प्रवाह घातीय रीतीने वाढतो. इलेक्ट्रॉन-प्रवाहाच्या लॉगरिथमाचा विभवाशी आलेख काढला असता सरळ रेषा मिळते आणि तिच्या उतारावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान निघते. अखेरीस एषणीचा विभव आयनद्रायूच्या विभवाएवढा झाला म्हणजे रेषेला गुडघ्यासारखा बाक येतो. त्यापुढे इलेक्ट्रॉनांचा संपृक्त प्रवाह मिळतो व त्यावरून घनता काढता येते. वेगांची वाटणी मॅक्सवेल यांच्या नियमाप्रमाणे नसली तरी मार्ग खुंटत नाही. आलेखाच्या द्वितीय अवकलजावरून इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची खरी वाटणी मिळते, असे ड्र्यूव्हेस्टाइन यांनी १९३० साली दाखविले.

एक उदाहरण

प्रत्यक्ष आकड्यांवरून हे अधिक स्पष्ट होईल. लेपनाच्या एखाद्या निर्वात पात्रात आर्गॉनचा आयनद्रायू आहे, त्याची घनता दर घन सेंमी.स एक हजार कोटी इलेक्ट्रॉन आहे आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे २३,००० केल्व्हिन आहे असे समजू. इलेक्ट्रॉन एवढे तप्त असूनही पात्राची भिंत फारशी तापत नाही, कारण आयन व अनाविष्ट अणू त्या मानाने थंडच असतात. यात ०·२५ मिमी. व्यासाची व ५ मिमी. लांबीची टंगस्टनची तार ठेवली, तर डेव्हिड बोम यांनी १९४९ साली मांडलेल्या निकषाप्रमाणे आयनांचा संपृक्त प्रवाह सुमारे ८ मायक्रोअँपिअर येतो. इलेक्ट्रॉनांचा संपृक्त प्रवाह मात्र सुमारे १·५ मिलिअँपिअर, म्हणजे जवळजवळ १८० पट भरतो. या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिथमाला २ व्होल्टांनी गुणले असता सुमारे १० व्होल्ट येतात : तरता विभव आयनद्रायूच्या विभवाखाली इतका असतो. जुन्या प्रयोगकर्त्यांच्या मापनात होणारी चूक ही एवढी होती.

याच उदाहरणात इलेक्ट्रॉन-प्रवाह दहापट होण्यास विभव ४·६ व्होल्टांनी वाढवावा लागतो. म्हणजे ज्या भागावरून तापमान काढावयाचे तो भाग अवघ्या काही व्होल्टांत आटोपतो. विभवाच्या मापनात एखाद्या व्होल्टाची अनिश्चितता शिरली, तर तापमानाच्या आकड्याचा भरवसा उरत नाही. पुढील सर्व अडचणी अशा रीतीने, कोठून ना कोठून, विभवातच शिरतात.

आवरणाची जाडी

आयनद्रायूत ठेवलेल्या प्रत्येक भारित वस्तूभोवती एक आवरण तयार होते. त्यात धन व ऋण भारांचा समतोल नसतो. या आवरणाच्या जाडीचे माप डेबाय लांबीवरून ठरते. ही लांबी तापमानाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात व घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. वरील उदाहरणात ती सुमारे ०·१ मिमी. आहे. पृथ्वीपासून सुमारे १०५ किमी. उंचीवर दिवसा, घनता दर घन सेंमी.स एक लाख व तापमान सुमारे २५० केल्व्हिन धरले असता, ती सुमारे ३ मिमी. येते. चंद्राच्या पृष्ठभागाजवळ ती वीस सेंमी.च्या वर जाते.

एषणीची त्रिज्या आवरणाहून पुष्कळ मोठी असेल, तर आवरणाच्या सीमेवर येणारा जवळजवळ प्रत्येक कण एषणीवर आदळतो व संपृक्त प्रवाह खरोखरच स्थिरावतो. उलट, त्रिज्या आवरणाच्या मानाने लहान असेल, तर आकर्षिले गेलेले पुष्कळ कण एषणीला वळसा घालून निघून जातात. मग प्रवाह कणांच्या कोनीय संवेगावर अवलंबून राहतो व विभवाबरोबर वाढतच जातो. गोलाच्या बाबतीत ही वाढ रेषीय असते. दोन्ही प्रकारांची सूत्रे १९२६ च्या त्या निबंधातच आहेत. कोणते सूत्र लावावयाचे हे ठरविण्यास घनता माहीत असावी लागते, आणि घनता तर मोजावयाचीच असते. म्हणून प्रथम अंदाज करून, उत्तर काढून, त्यावरून अंदाज तपासावा लागतो.

या सूत्रांमागे आणखी दोन गृहीते आहेत. आवरण ओलांडताना कणांची टक्कर होत नाही, हे पहिले. लेपनाच्या पात्रातील मिलिबारच्या सहस्रांशाएवढ्या दाबाला ते ठीक आहे. नायट्राइडीकरण मात्र एक ते दहा मिलिबारच्या दरम्यान चालते. तेथे आयनाचा मुक्त पथ मिलिमीटरच्या काही शतांशांहून अधिक नसतो. टक्करी गृहीत न धरणारे सूत्र तेथे लावले, तर घनता खऱ्यापेक्षा कमी निघते. त्यातच वस्तू सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली व काही शे व्होल्टांवर असते. यास्तव अशा भट्ट्यांत एषणीपेक्षा वर्णपटावरून केलेले निदान अधिक सोयीचे ठरते. एषणीचे खरे क्षेत्र कमी दाबाच्या पात्रांचे आहे.

चुंबकीय क्षेत्राचा परिणाम नसणे, हे दुसरे गृहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील भौतिकी विभागात इलेक्ट्रॉन-सायक्लोट्रॉन संस्पंदनाने निर्माण केलेल्या आयनद्रायूवर अनेक वर्षे काम झालेले आहे. या प्रकारात २·४५ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या सूक्ष्मतरंगांसाठी ८७५ गॉसचे क्षेत्र लागते. एवढ्या क्षेत्रात २ इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा इलेक्ट्रॉन सुमारे ०·०५ मिमी. त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो. ही त्रिज्या वर घेतलेल्या तारेच्या त्रिज्येच्या निम्म्याहूनही कमी आहे. इलेक्ट्रॉन आता क्षेत्ररेषांच्या दिशेनेच सहज येऊ शकतात, त्यांचा संपृक्त प्रवाह घटतो आणि गुडघा अस्पष्ट होतो. आयन जड असल्यामुळे त्यांच्यावर हा परिणाम अल्प असतो. म्हणून अशा ठिकाणी घनता आयनांच्या भागावरून काढणे इष्ट असते.

कारखान्यातील पात्र

औद्योगिक पात्रात याहून निराळ्या दोन अडचणी येतात. पुष्कळ पात्रे १३·५६ मेगाहर्ट्‌झ या रेडिओ-कंप्रतेवर चालतात. आयनद्रायूचा स्वतःचाच विभव तेथे सेकंदाला सव्वा कोटीहून अधिक वेळा वरखाली होतो, आणि एषणीचा विभव जमिनीच्या संदर्भात स्थिर ठेवला म्हणजे आयनद्रायूच्या संदर्भात तो अस्थिर होतो. मंद गतीच्या मापकावर येणारा प्रवाह हा या सर्व क्षणांची सरासरी असतो. घातीय आलेखाची अशी सरासरी घेतली असता वक्र एका बाजूला ताणला जातो, आणि इलेक्ट्रॉन आहेत त्यापेक्षा अधिक तप्त भासतात. उपाय म्हणून एषणीच्या टोकामागेच त्या कंप्रतेला मोठा अवरोध करणारी वेटोळी बसवितात व टोकाशेजारी एक मोठे साहाय्यक अग्र जोडतात. त्यामुळे एषणी आयनद्रायूच्या चढउतारांबरोबर स्वतःही वरखाली होते व दोहोंमधील अंतर कायम राहते.

दुसरी अडचण संदर्भ-अग्राची. एषणीला विभव द्यावयाचा तो कशाच्या संदर्भात? सामान्यतः पात्राच्या धातूच्या भिंतीच्या. एषणीने ओढलेले इलेक्ट्रॉन ज्या मंडलातून जातात, ते भिंतीवर येणाऱ्या आयनांनी पुरे व्हावे लागते. दिव्यांच्या परावर्तकांवर सिलिकॉनयुक्त पटल बसविणाऱ्या पात्रात हेच पटल भिंतीवरही साचत जाते. ते विद्युत् रोधक आहे. काही फेऱ्यांनंतर पात्र बाहेरून धातूचे दिसत असले, तरी आयनद्रायूच्या दृष्टीने त्याची भिंत नाहीशी होत जाते. संदर्भच सरकू लागल्यावर एषणीचा आलेख स्वच्छ आला तरी त्यातील विभवांना अर्थ राहत नाही.

या परिस्थितीत जॉन्सन व माल्टर यांनी १९५० साली सुचविलेली दुहेरी एषणी उपयोगी पडते. दोन सारख्या तारा एकमेकींच्या संदर्भात जोडलेल्या, परंतु उरलेल्या जगापासून अलग ठेवलेल्या असतात. एकीवरून गेलेला प्रवाह दुसरीवरूनच परत येतो, भिंतीची गरज पडत नाही. एकूण प्रवाह आयनांच्या संपृक्त प्रवाहाहून अधिक होऊ शकत नसल्यामुळे आयनद्रायूला उपद्रवही कमी होतो. याचे मोल असे की या रचनेत केवळ अत्यंत वेगवान इलेक्ट्रॉनच पोहोचतात, आणि त्या थोड्यांवरून सर्वांचे तापमान ठरवावे लागते.

थुंब्याहून आयनांबरात

संदर्भ-अग्राची ही अडचण अवकाशात अधिक तीव्र होते, कारण तेथे पात्रच नसते. अग्निबाणाचे अथवा उपग्रहाचे धातूचे अंग हीच एषणीची एकमेव भिंत. भारतात या विषयाचा प्रारंभ थुंब्यापासून झाला. विक्रम साराभाई यांचे निकटचे सहकारी, कोल्हापूरचे एकनाथ वसंत चिटणीस यांचा या जागेच्या निवडीत वाटा होता. चुंबकीय विषुववृत्त तेथून अगदी जवळून जाते, व त्यावर सुमारे १०५ किमी. उंचीवर दिवसा पूर्वेकडे वाहणारा विषुववृत्तीय विद्युत् झोत हे त्या जागेचे खरे आकर्षण होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला नायकी-अपाची अग्निबाण उडाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील सत्य प्रकाश, बी. एच. सुब्बराय व एस. पी. गुप्ता यांनी लँगम्यूर एषणी अग्निबाणांवर बसवून विद्युत् झोतातील इलेक्ट्रॉनांची घनता व तिच्यातील विषमता यांचे मापन केले.

वेगवान अग्निबाणात पूर्ण आलेख काढीत बसण्यास अवधी थोडा. म्हणून विषमतेच्या अभ्यासासाठी एषणी एकाच धन विभवावर स्थिर ठेवून इलेक्ट्रॉन-प्रवाहातील चढउतार सतत नोंदविण्याची पद्धती या कामी वापरली जाते. तापमान त्यातून मिळत नाही. परंतु घनतेतील बारीक फेरफार, काही मीटरांपासून काही शे मीटरांपर्यंतचे, उत्तम टिपले जातात. जेथे घनतेच्या वाढीची दिशा व विद्युत् क्षेत्राची दिशा एक असते, तेथे विषमता वाढते, हा निष्कर्ष अशा मापनांतून दृढ झाला.

या ठिकाणी एषणी किती मोठी असावी याला निश्चित मर्यादा आहे. त्या उंचीवरील नायट्रिक ऑक्साइडाचा आयन इलेक्ट्रॉनाच्या सुमारे ५५,००० पट जड असतो. या संख्येचे वर्गमूळ सुमारे २३५. म्हणजे एषणीवर येणारे इलेक्ट्रॉन आयनांनी भरून काढण्यास अग्निबाणाचे उघडे धातूचे अंग एषणीच्या काही शे पट तरी असले पाहिजे. सुरक्षितपणासाठी हजारपट असणे बरे. तसे नसेल तर एषणी धन होण्याऐवजी अग्निबाणच ऋण होत जातो, आणि मापकावर दाखविलेला विभव व एषणीचा खरा विभव यांत अंतर पडते. परावर्तकांच्या पात्रातील भिंत पटलाखाली बुजते, अग्निबाणाची भिंत मुळातच अपुरी असते. दोहोंचा परिणाम आलेखावर एकच.

चंद्राच्या पृष्ठभागावर

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. तिरुवनंतपुरम् येथील विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने तयार केलेली लँगम्यूर एषणी त्यावर होती : पाच सेंमी. व्यासाचा धातूचा गोल, एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाशी, अवतरकाच्या वरच्या तळावर बसविलेला. तिचा विभव उणे १२ पासून अधिक १२ व्होल्टांपर्यंत ०·१ व्होल्टाच्या पायऱ्यांनी बदलण्याची, प्रत्येक पायरीवर एक मिलिसेकंद थांबण्याची व पिकोअँपिअरपर्यंतचे सूक्ष्म प्रवाह मोजण्याची सोय होती.

३१ ऑगस्ट २०२३ रोजी भारतीय अवकाश संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अंदाजात घनता दर घन मीटरला ५० लाख ते ३ कोटी, म्हणजे दर घन सेंमी.स ५ ते ३० इलेक्ट्रॉन अशी दिली होती. पुढे सविस्तर विश्लेषणानंतर २३ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर या काळासाठी दर घन सेंमी.स ३८० ते ६०० इलेक्ट्रॉन व ३,००० ते ८,००० केल्व्हिन तापमान असे आकडे प्रसिद्ध झाले. दोन आकड्यांतील अंतर दहापटींहून अधिक आहे. प्राथमिक अंदाज व अंतिम विश्लेषण यांत फरक पडणे स्वाभाविक आहे. परंतु प्रवाह नोंदवून झाल्यानंतरही किती काम शिल्लक असते, याची कल्पना यावरून येते.

हे काम का अवघड, ते साध्या गणिताने दिसते. घनता ५०० व तापमान ५,००० केल्व्हिन धरल्यास डेबाय लांबी सुमारे २२ सेंमी. येते. गोलाची त्रिज्या अडीच सेंमी., म्हणजे तिच्या जवळजवळ नवव्या हिश्श्याची. येथे वळसा घालणाऱ्या कणांचे सूत्रच लावले पाहिजे. आवरणे इतकी फैलावलेली की एक मीटर लांबीचा दांडाही गोलाला अवतरकाच्या विद्युत् प्रभावातून जेमतेम बाहेर नेतो. आयनद्रायूच्या विभवावर या गोलाला मिळणारा इलेक्ट्रॉन-प्रवाह सुमारे ७० नॅनोअँपिअर, म्हणजे दर चौरस मीटरला ९ मायक्रोअँपिअरच्या आसपास. सूर्याचे जंबुपार किरण धातूवर पडून जे प्रकाश-इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, त्यांचा प्रवाहही याच कोटीतील असतो. तो वजा केल्यावाचून भोवतालच्या इलेक्ट्रॉनांचा खरा वाटा समजत नाही, आणि तो किती हे गोलाच्या पृष्ठभागावर अवलंबून असते.

पृष्ठभागाचा प्रश्न

येथे मापनाचा विचार सूत्रांवरून धातूच्या पृष्ठभागाकडे येतो, आणि कारखाना व अवकाश पुन्हा एकत्र येतात. सिद्धांतात एषणी हा एक समविभवी पृष्ठभाग असतो. प्रत्यक्ष धातूवर बाष्पाचे, तेलाचे, ऑक्साइडाचे पातळ थर असतात. त्यांच्यामुळे कार्यफलन जागोजागी वेगळे होते. थर विद्युत् रोधक असेल, तर त्याच्या दोन बाजूंस भार साठून एक विद्युत् धारित्र तयार होते, आणि मापकावरील विभवाचा काही अंश आयनद्रायूपर्यंत न पोहोचता थरातच खर्ची पडतो. विभव चढविताना व उतरविताना काढलेले आलेख मग एकमेकांवर बसत नाहीत. सरळ रेषेचा उतार मंदावतो आणि इलेक्ट्रॉनांचे तापमान खऱ्यापेक्षा अधिक भासते. आयनांबरातील इलेक्ट्रॉन-तापमानाच्या आकड्यांबद्दल जे वाद झाले, त्यांत या दोषाचा मोठा भाग होता. जपानी शास्त्रज्ञ को-इचिरो ओयामा यांनी तर एषणी तापवून, निर्वात काचेच्या वेष्टनात बंद करून, ते वेष्टन उड्डाणातच फोडण्याची योजना केली.

प्रयोगशाळेत याला सोपा उपाय आहे : एषणी अधूनमधून तीव्र ऋण करून आयनांच्या माऱ्याने घासून काढावी, अथवा धन करून इलेक्ट्रॉन-प्रवाहाने लाल होईतो तापवावी. लेपनाच्या पात्रात मात्र घासणे व साचणे ही शर्यत असते. तेथे एषणी सदैव आयनद्रायूत ठेवणे हिताचे नाही. झडपेआड ठेवून मोजण्यापुरती क्षणभर पुढे करावी, आलेख जलद काढावा आणि मागे घ्यावी.

अवकाशात एषणी घासणे सुलभ नसते. म्हणून तिचा पृष्ठभागच असा निवडतात की जो प्रवाह वाहील, ऑक्सिजनाने बिघडणार नाही आणि ज्याचे कार्यफलन सर्वत्र सारखे राहील. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानावरील पाच सेंमी. व्यासाच्या टायटॅनियमच्या गोलावर, तसेच रोझेटा यानाच्या दोन गोलांवर, जो लेप होता तो टायटॅनियम नायट्राइडाचा. छिद्रकावर व कर्तनहत्यारावर चढविला जाणारा सोनेरी लेप तो हाच. आयनद्रायूने घडविलेला हा पृष्ठभाग आयनद्रायूच्याच मापनास योग्य ठरला, आणि तो सर्वत्र एकसारखा बसला आहे की नाही, हा प्रश्न हत्यारे बनविणाऱ्याला जितका महत्त्वाचा तितकाच अवकाशयानावर काम करणाऱ्याला.

उपसंहार

यावरून एषणीचा उपयोग करू इच्छिणाऱ्याने पाळावयाचा क्रम स्पष्ट होतो. आलेख दोन्ही दिशांनी काढावा. ते जुळत नसतील तर पृष्ठभाग अस्वच्छ आहे असे धरून पुढील गणित थांबवावे. आयनांच्या व इलेक्ट्रॉनांच्या भागांवरून घनता स्वतंत्रपणे काढावी. त्यांत मोठा फरक पडला तर टक्करी, चुंबकीय क्षेत्र अथवा संदर्भ-अग्र यांपैकी कोठे गृहीत ढळले आहे ते शोधावे. निरनिराळ्या त्रिज्यांच्या दोन तारांनी तीच घनता येते की नाही ते पाहावे. एषणी आत असता व नसता विसर्जनाचा प्रवाह बदलतो का, हेही नोंदवावे. बदलत असेल तर एषणी आयनद्रायूला मोजत नसून त्याला बिघडवीत आहे. आणि उत्तरासोबत दाब, त्रिज्या व डेबाय लांबी हे तीन आकडे नेहमी द्यावेत, कारण त्यांवाचून ते उत्तर दुसऱ्याला तपासता येत नाही.

कारखान्यात एषणी कायमची बसवावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. तिचे योग्य स्थान पद्धती ठरविण्याच्या काळात आहे. नव्या पात्रात, वस्तू निरनिराळ्या रीतीने मांडून, एषणीने घनता व विभव यांचे नकाशे एकदा काळजीपूर्वक तयार केले, आणि त्यांचा दाब, प्रवाह व विद्युत् दाब यांच्याशी मेळ घातला, तर पुढे तंत्रज्ञाला त्याच्या नेहमीच्या मापकांवरूनही आतील स्थितीचा विश्वासार्ह अंदाज करता येईल. गणेशखिंडीपासून पिंपरी दूर नाही. मापनाचे शास्त्र एका ठिकाणी व मापनाची गरज दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती असताना पदव्युत्तर विद्यार्थ्याला हाताशी असलेला हा विषय आहे. त्यात खबरदारी एवढीच की चुकीच्या एषणीने काढलेला आकडा हा आकडा नसण्याहून अधिक घातक ठरतो. कारण आकडा नसता तंत्रज्ञ सावध असतो, आणि आकडा हाती आला की त्यावर विसंबून दंतचक्रांची पुढची खेप भट्टीत जाते.